संगणकीय जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाल्यावर: पहिल्या तीन वर्षांत काय करायचं

जीवशास्त्र विभागात नवा प्राध्यापक रुजू झाला की त्याला इनक्युबेटर, सेंट्रिफ्यूज, उणे ऐंशीचा फ्रीझर लागणार हे सगळ्यांना मान्य असतं. संगणकीय जीवशास्त्राच्या, म्हणजे जनुकांसारखा जीवशास्त्रातला डेटा संगणकावर तपासणाऱ्या माणसाला मात्र ‘तुम्हाला काय, एक लॅपटॉप दिला की झालं’ असं ऐकवतात, आणि नवखा माणूस संकोचून मान डोलावतो. हा लेख त्याच टप्प्यावरच्या लोकांसाठी आहे: पीएचडी आणि पोस्टडॉक झालेलं आहे, नेमणुकीचं पत्र हातात आहे किंवा येऊ घातलंय. या क्षेत्रात कारकीर्द अल्गोरिदमपाशी क्वचित अडते. डेटा कुठून आला, कुठे ठेवला आणि त्यावर नेमकं काय केलं हे दोन वर्षांनी सांगता आलं नाही, की अडते. खालचा बहुतेक मजकूर त्याभोवतीच आहे.

रुजू होण्याआधी लेखी घ्यायच्या गोष्टी

आयआयटी, आयसरसारख्या केंद्रीय संस्थांत सहायक प्राध्यापकाची नेहमीची पायरी लेव्हल १२ असते, मूळ वेतन १,०१,५००. त्यासाठी साधारणपणे पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. राज्य विद्यापीठात सुरुवात लेव्हल १० वर, ५७,७०० पासून. लोक या दोन आकड्यांची तुलना करत बसतात, पण संशोधनावर जास्त परिणाम होतो तो तासिकांचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितलं आहे. तयारी, प्रॅक्टिकल आणि पेपर तपासणी धरली तर संशोधनाला सलग दोन दिवसही मिळत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी कोणते विषय शिकवायचे, बायोइन्फर्मेटिक्सचं प्रॅक्टिकल कोणत्या लॅबमध्ये होणार आणि तिथली यंत्रं कोण सांभाळणार, हे विभागप्रमुखांशी ईमेलवर ठरवून घ्या. तोंडी आश्वासन विभागप्रमुख बदलला की संपतं.

याच ईमेलमध्ये आणखी चार प्रश्न घाला. सीड ग्रँट (संस्थेने सुरुवातीला दिलेला निधी) किती, आणि ती किती महिन्यांत खर्च करायची? सर्व्हर ठेवायला चोवीस तास एसी चालणारी खोली आहे का? संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांवर) खातं मिळेल का, मिळालं तर डिस्कचा कोटा किती? आणि तुमच्या टेबलापासून बाहेरच्या जगापर्यंत नेटवर्कचा खरा वेग किती? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण १ टीबी डेटा १०० एमबीपीएसवर उतरवायला अडथळा न येताही जवळपास बावीस तास लागतात. १ जीबीपीएसवर सव्वादोन. संस्था नॅशनल नॉलेज नेटवर्कवर (शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणाऱ्या वेगवान जाळ्यावर) असेल आणि तुमच्या इमारतीतला स्विच जुना असेल, तर वेग त्या स्विचचाच मिळतो.

पैशांसाठी पहिला अर्ज रुजू झाल्यावर नव्हे, त्याआधीच लिहायला घ्या. नव्या प्राध्यापकांसाठीच्या योजना रुजू होण्याच्या तारखेपासून किंवा वयाच्या अटीमुळे थोडाच काळ खुल्या असतात. संशोधनाला निधी देणाऱ्या सर्ब या सरकारी मंडळाची जागा आता एएनआरएफने (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) घेतली आहे (कायदा २०२३ चा). परदेशातून परतणाऱ्यांसाठी डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. शिवाय डीएसटीची (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग) इन्स्पायर फॅकल्टी, आरोग्याशी संबंधित विषय असेल तर इंडिया अलायन्स आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या योजना. प्रत्येकाच्या अटी बदलत राहतात, तेव्हा सिनियरच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीची जाहिरात वाचा.

यंत्र: आधी डिस्क, मग मेमरी, जीपीयू शेवटी

खरेदीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते जीपीयूवर, म्हणजे डीप लर्निंगसाठी लागणाऱ्या महागड्या कार्डावर. सिक्वेन्सिंगच्या (डीएनए-आरएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचण्याच्या) डेटाचं रोजचं काम डिस्कच्या वेगावर आणि रॅमवर अडतं. मानवी जीनोमवर स्टार हा अलाइनर (वाचलेला तुकडा जीनोमवर कुठे बसतो ते शोधणारा प्रोग्रॅम) चालवायला साधारण ३० जीबी रॅम लागते. सिंगल-सेलच्या, म्हणजे एकेक पेशी वेगळी वाचलेल्या डेटासाठीच्या सेल रेंजर प्रोग्रॅमला किमान ६४ जीबी. एकाच वेळी दोन-तीन विद्यार्थी काम करणार असतील तर २५६ जीबी ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणारी) रॅम आणि ३२ ते ६४ कोअरचा एक सर्व्हर तीन-चार वर्षं पुरतो. रॅमचे सगळे स्लॉट पहिल्या दिवशी भरू नका, पुढे वाढवायला जागा ठेवा. डीप लर्निंगचं काम असेलच तर आधी सी-डॅकच्या किंवा संस्थेच्या यंत्रणेवर वेळ मागा. पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्मा हा महासंगणक आहे, सी-डॅकमध्ये बायोइन्फर्मेटिक्ससाठीच चालवलेली ब्राफ ही सुविधा आहे. सहा महिने तिथे काम करून खरी गरज कळली, की मग कार्ड घ्या.

डिस्कचा हिशेब कागदावर मांडा. आरएनए-सेकच्या (कोणती जनुकं किती चालू आहेत हे मोजण्याच्या पद्धतीच्या) एका सॅम्पलचे ३ कोटी रीड-जोड (वाचलेल्या तुकड्यांच्या जोड्या), प्रत्येक रीड १५० बेसचा म्हणजे अक्षरांचा, तर झिप केलेल्या मूळ रीडच्या फास्टक्यू फाइली साधारण ४ ते ६ जीबी. रीड जीनोमवर कुठे बसले हे सांगणारी बॅम फाइल जवळपास तेवढीच, वर मधल्या तात्पुरत्या फाइली. म्हणून मूळ डेटाच्या तिप्पट जागा धरायची. १०० सॅम्पलना दीड टीबी. संपूर्ण जीनोम ३० पट खोलीने (प्रत्येक बेस सरासरी तीस वेळा) वाचला असेल तर एकेका माणसाचे ५० ते १०० जीबी, आणि त्यावर पुन्हा तिप्पट. १६ टीबीच्या आठ डिस्क रेड-६ मध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून थोडी जागा सुरक्षेसाठी राखण्याच्या पद्धतीत) लावल्या तर वापरायला ९६ टीबी मिळतात आणि एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो. चालू कामासाठी ४ टीबीची वेगळी, वेगवान एनव्हीएमई डिस्क ठेवा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. विद्यार्थ्याने रात्री चुकीच्या फोल्डरवर डिलीटची आज्ञा दिली की रेड ती आठही डिस्कवर इमानेइतबारे पाळतो. मूळ डेटाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. बॅकअप घेतोय एवढ्यावर समाधान मानू नका; दर तीन महिन्यांनी त्यातली एखादी फाइल परत काढून उघडून बघा.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचा घ्या, आणि बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की सर्व्हर आपोआप बंद होईल ही जोडणी बसवणाऱ्याकडून त्याच दिवशी करून घ्या. ही तार बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहते. मे महिन्यात रविवारी दुपारी एसी ट्रिप होतो, तेव्हा खोलीचं तापमान वाढल्याचा मेसेज फोनवर येईल असा साधा सेन्सर हजार-दोन हजारांत मिळतो. वॉरंटी पाच वर्षांची, ऑन-साइट, खरेदीच्या वेळीच घ्या. प्रोजेक्ट संपल्यावर दुरुस्तीचा खर्च कोणत्या हेडमधून टाकायचा याचं उत्तर अकाउंट्स विभागाकडे नसतं.

डॉक्टरांशी पहिली बैठक सॅम्पल गोळा होण्याआधी

रुग्णालयातून फोन येतो: ‘आमच्याकडे डेटा तयार आहे, तुम्ही फक्त ॲनालिसिस करून द्या.’ या वाक्यातला ‘फक्त’ महाग पडतो. कर्करोगाच्या सगळ्या रुग्णांची सॅम्पल मार्चमध्ये एका किटने केली आणि निरोगी लोकांची जूनमध्ये दुसऱ्या किटने, तर दिसणारा फरक रोगाचा की किटचा हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. बॅच इफेक्ट (वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या किटमुळे आलेला फरक) काढणारी साधनं आहेत, पण दोन्ही बॅचमध्ये दोन्ही गट असतील तरच ती काम करतात. म्हणून सॅम्पल घेण्याआधी तुम्हीच तक्ता बनवून द्या: प्रत्येक प्लेटवर, प्रत्येक दिवशी दोन्ही गटांतली सॅम्पल सरमिसळ.

किती सॅम्पल? पेशी-संवर्धनातल्या प्रयोगात गटाला तीन रेप्लिकेट (त्याच प्रयोगाचे स्वतंत्र नमुने) ही प्रथा आहे. सहा असतील तर निष्कर्षांवर विसंबता येतं. माणसांमध्ये वय, आहार, औषधं यांची विविधता इतकी, की गटाला दहा-बारा सॅम्पलवर मोठा दावा करू नये. सिंगल-सेलमध्ये एक फसवी सोय असते: तीन रुग्णांच्या तीस हजार पेशी. चाचणीला तीस हजार नमुने दिले की पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) शून्याला टेकते, पण तुमच्याकडे रुग्ण तीनच आहेत. रुग्णागणिक पेशींची बेरीज करून मग तुलना करायची.

आता कागदपत्रं. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा. डेटामधली नावं काढलेली असली तरी प्रस्ताव एथिक्स कमिटीकडे जातो; सूट मिळू शकते, पण ती कमिटी देते, आपली आपण घ्यायची नसते. रुग्णालयाच्या कमिटीची मंजुरी असली तरी तुमच्या संस्थेच्या कमिटीलाही कळवावं लागतं. परदेशी सहकारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची पायरी वाढते, आणि त्यात जाणारे महिने वेळापत्रकात आधीच धरा. संमतीपत्रात दोन वाक्यं नसली तर पुढे पेपर अडकतो: हा डेटा भविष्यात दुसऱ्या संशोधनाला वापरता येईल, आणि तो नियंत्रित पद्धतीने इतर संशोधकांना देता येईल. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा मराठीत हवं. इंग्रजी मजकुराचं सरकारी छापाचं बोजड भाषांतर वाचून कोणी सही करत असेल तर त्या सहीला फारसा अर्थ नाही.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की छोट्या तालुक्यात माणूस ओळखू येतो. तारखा प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या पण ठराविक अंतराने सरकवा, पिनकोडऐवजी जिल्हा ठेवा, फार वृद्धांचं वय एका गटात टाका (अमेरिकेच्या हिपा या रुग्ण-गोपनीयतेच्या नियमांत ८९ वर्षांच्या वरचे सगळे एकत्र असतात). कोड आणि नाव जोडणारी यादी रुग्णालयातच राहू द्या. ती तुमच्या ईमेलमध्ये आली तर उघडू नका, पाठवणाऱ्याला लगेच कळवून ती काढून टाका.

डेटा आला त्या दिवशी

पहिलं काम चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा; कॉपीत काही बदललं तर तोही बदलतो. सिक्वेन्सिंग कंपनी हार्ड डिस्कबरोबर एमडी५ या प्रकारच्या चेकसमची यादी देते. ती जुळवल्याशिवाय डिस्क परत पाठवू नका. अर्धवट कॉपी झालेली झिप फाइल अनेकदा तक्रार न करता निम्म्यापर्यंत वाचली जाते आणि त्या सॅम्पलमध्ये ‘रीड कमी आहेत’ एवढंच दिसतं. चेकसम जुळले की मूळ फोल्डर फक्त वाचण्यापुरता खुला ठेवा, स्वतःलाही लिहिण्याची परवानगी नको.

दुसरं, सॅम्पल रुग्णाचंच आहे ना. स्त्रियांच्या सॅम्पलमध्ये झिस्ट हे जनुक जोरात चालू असतं, पुरुषांमध्ये वाय गुणसूत्रावरचं आरपीएस४वाय१. दोन्हींचा एक आलेख काढला की ठिपके दोन स्वच्छ गटांत पडतात, आणि नोंदीशी न जुळणारे लगेच दिसतात. हे पाच मिनिटांचं काम आहे. २०१६ मध्ये मानवी जनुक-अभिव्यक्तीचे ७० सार्वजनिक डेटासेट असेच तपासले गेले, तेव्हा जवळपास निम्म्यांत किमान एका सॅम्पलचं लिंग नोंदीशी जुळत नव्हतं. एक सावधगिरी: ट्यूमरमध्ये वाय गुणसूत्र किंवा झिस्टची अभिव्यक्ती हरवलेली असू शकते, तेव्हा न जुळणारं प्रत्येक सॅम्पल अदलाबदलीचंच असतं असं नाही. एकाच रुग्णाची दोन सॅम्पल असतील तर जनुकीय फरक जुळवून बघणं जास्त भरवशाचं.

रुग्णालयातल्या एक्सेल शीटला वेगळा दिवस द्या. हिमोग्लोबिन काही ओळींत १२ आणि काहींत १२० असेल, तर दोन लॅबची एककं मिसळली आहेत. क्रिएटिनिनचं तसंच: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला ८८.४ ने गुणलं की मायक्रोमोल प्रति लिटर येतं, तेव्हा १.२ आणि १०६ एकच. वय ९९९ म्हणजे ‘नोंद नाही’. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. ०३/०४ ही तारीख कोणाच्या संगणकावर भरली यावर एप्रिल की मार्च ते ठरतं. आणि आपल्याकडचा खास घोळ: एकाच बाईंची माहेरच्या आणि सासरच्या नावाने दोन कार्डं निघालेली असतात, म्हणून रुग्ण मोजताना नावावर नव्हे, रुग्णालयाच्या नोंदणी क्रमांकावर जा, आणि जन्मवर्ष व पत्ता जुळणारे क्रमांक रुग्णालयातल्याच माणसाकडून तपासून घ्या.

एक्सेलने जनुकांची नावं तारखेत बदलण्याचा रोग इतका पसरला, की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने सप्टेंबर आणि मार्चसारखी दिसणारी नावं सेप्टिन आणि मार्चएफ अशी बदलली. तरीही जुन्या फाइली फिरतच असतात. नावांऐवजी एन्सेम्बल या जनुकांच्या डेटाकोशातले क्रमांक वापरा आणि एक्सेल फक्त बघायला उघडा, सेव्ह करू नका.

जीनोमवरच्या जागांचे आकडे दोन फाइलींत जुळत नसले तर संशय याच क्रमाने घ्या: जीनोमची आवृत्ती (एचजी१९ की एचजी३८), गुणसूत्राच्या नावाआधी ‘सीएचआर’ आहे की नुसता अंक, आणि मोजणीची सुरुवात. जीनोमवरच्या जागा नोंदवणारी बेड फाइल शून्यापासून मोजते. व्हीसीएफ (जनुकीय बदलांची) आणि जीएफएफ (जनुकांच्या जागांची) एकपासून. एका घराचा फरक आलेखात दिसतही नाही, पण म्युटेशन शेजारच्या बेसवर जातं.

अशा सरकलेल्या ओळी किती महाग पडतात याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं. कर्करोगाच्या कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल हे जनुकांवरून सांगण्याचा दावा तिथून प्रसिद्ध झाला होता. कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन जैवसंख्याशास्त्रज्ञांनी तो डेटा मुळापासून पुन्हा तपासला. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली होती, काही ठिकाणी ‘औषध लागू’ आणि ‘औषध निकामी’ ही लेबलं उलटी झाली होती. त्यांचा लेख २००९ मध्ये आला. त्या निष्कर्षांवर आधारलेल्या रुग्णांवरच्या चाचण्या २०१० मध्ये कायमच्या बंद झाल्या आणि पुढे मूळ पेपर मागे घेतले गेले. विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात बॅगर्ली-कूम्ब्सचा लेख वाचायला द्या. तपास कसा करतात याचा तो उत्तम धडा आहे.

मॉडेल खूपच चांगलं आलं तर

आजारी आणि निरोगी ओळखणाऱ्या मॉडेलची अचूकता ९८ टक्के आली की पेढे वाटण्याआधी तीन ठिकाणी शोधा. एकाच रुग्णाच्या दोन स्लाइड प्रशिक्षणात आणि चाचणीत विभागल्या गेल्यात का? वीस हजार जनुकांतून पन्नास निवडण्याचं काम क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (डेटाचा एकेक भाग बाजूला ठेवून त्यावर मॉडेल तपासण्याच्या) बाहेर, सगळा डेटा बघून केलंय का? निव्वळ यादृच्छिक आकड्यांवरही अशा निवडीने झकास अचूकता येते. लेबलं फेटून तीच प्रक्रिया पुन्हा चालवा, अचूकता नुसत्या अंदाजाच्या पातळीवर (दोन सारख्या गटांत ५० टक्क्यांच्या आसपास) आली नाही तर चाचणीचा डेटा कुठेतरी प्रशिक्षणात गळला आहे. आणि तिसरं, दोन्ही गट वेगवेगळ्या रुग्णालयांतून आलेत का? मग मॉडेलने रुग्णालय ओळखायला शिकून घेतलंय.

डॉक्टरांपुढे मांडताना आकडे माणसांत सांगा. संवेदनशीलता (आजारींपैकी किती सापडतात) ९० टक्के, विशिष्टता (निरोगींपैकी किती निरोगीच ठरतात) ९० टक्के आणि आजार शंभरात एकाला, असं धरा. हजार लोकांत दहा आजारी, त्यातले नऊ सापडतात. नऊशे नव्वद निरोगींपैकी नव्याण्णवांना उगाच आजारी ठरवलं जातं. म्हणजे चाचणी ‘आहे’ म्हणते तेव्हा बारात एकदाच ती खरी असते. कोणता कट-ऑफ (कितीच्या वर ‘आजारी’ म्हणायचं ती मर्यादा) ठेवायचा हा प्रश्न यानंतर बैठकीत आपोआप निघतो, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

माणसं आणि पेपर

पहिले विद्यार्थी दोन प्रकारचे येतात: लिनक्सला घाबरणारे जीवशास्त्राचे, आणि प्रमोटर (जनुक चालू होण्याची सुरुवात जिथून होते तो डीएनएचा भाग) म्हणजे काय हे न विचारताच कोड लिहायला बसणारे इंजिनिअर. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र १९८७ पासून आहे, तेव्हा दोन्हींच्या मधले उमेदवारही मिळतात. नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळालेल्याला २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. तुमच्या प्रोजेक्टमधून पगार द्यायचा असेल तर हाच आकडा बजेटमध्ये हवा.

मुलाखतीत अवघड प्रश्न विचारण्यापेक्षा एक बिघडलेली सीएसव्ही फाइल देऊन दोन तास द्या. घेतल्यावर पहिले तीन महिने नवा प्रश्न देऊ नका. टीसीजीए या अमेरिकेतल्या कर्करोग-जीनोम प्रकल्पाच्या खुल्या डेटावरचा (३३ प्रकारचे कर्करोग, अकरा हजारांवर रुग्ण) एखादा प्रसिद्ध आलेख निवडून तो तंतोतंत पुन्हा काढायला सांगा. त्यातच गिट (कोडच्या आवृत्त्या ठेवायला), कोंडा (पॅकेज बसवायला) आणि स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लो (सगळ्या पायऱ्या क्रमाने चालवायला) शिकून होतं, आणि प्रसिद्ध पेपरमधली पद्धत वाचून आलेख निघत नाही हेही स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. नियम एकच कडक ठेवा: पेपर पाठवण्याआधी लॅबमधल्या दुसऱ्या माणसाने रिकाम्या फोल्डरपासून सगळं चालवून तेच आकडे आणायचे. याला आठवडा जातो. रिव्ह्यूअरचं पत्र आठ महिन्यांनी येतं, मधल्या काळात पॅकेजची आवृत्ती बदललेली असते आणि विद्यार्थी बोस्टनला गेलेला असतो, तेव्हा तो आठवडा वसूल होतो.

बढतीच्या समितीपुढे मधल्या क्रमांकाचं लेखकपद फारसं मोजलं जात नाही, आणि संगणकीय माणूस नेमका तिथेच ढकलला जातो. पहिल्या बैठकीतच लेखकांचा क्रम ईमेलवर लिहून घ्या. एका वेळी बाहेरची दोनच कामं स्वीकारा आणि निदान एक प्रश्न असा ठेवा की जो सार्वजनिक डेटावर, कोणाच्या सॅम्पलची वाट न बघता तुम्ही स्वतः पुढे नेऊ शकाल. नम्रपणे ‘नाही’ म्हणायला जमत नसेल तर ‘सध्याचं काम सप्टेंबरमध्ये संपेल, तेव्हा बोलू’ हे चालतं. निम्मे लोक सप्टेंबरमध्ये परत येत नाहीत.

पेपर पाठवण्याआधी डेटा सार्वजनिक डेटाकोशात जमा करा, कारण तिथला नोंद क्रमांक मिळायला वेळ लागतो आणि जर्नल त्याशिवाय पुढे सरकत नाही. सार्वजनिक पैशांतून तयार झालेल्या भारतीय डेटासाठी फरिदाबादचं भारतीय जैविक डेटा केंद्र आहे, २०२२ मध्ये सुरू झालेलं. जीनोमइंडिया या भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या सरकारी प्रकल्पाच्या १०,००० जीनोमचा डेटाही तिथूनच अर्ज करून मिळतो. प्रोजेक्ट संपताना मूळ फास्टक्यू, सॅम्पलचा तक्ता, स्क्रिप्ट आणि अंतिम तक्ते ठेवा. बॅम फाइली क्रॅममध्ये (त्याच माहितीच्या आणखी दाबलेल्या प्रकारात) बदलल्या की जवळपास निम्मी जागा सुटते, मात्र ज्या रेफरन्स जीनोमवर अलाइन केलं ती फाइल शेजारीच ठेवा, तिच्याशिवाय क्रॅम उघडत नाही. बाकीच्या मधल्या फाइली पुसून टाका.